सौरऊर्जा एवढी वाढली, तरी भारतातल्या विजेचा कार्बन डायऑक्साइड का घटत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: साक्रीला सौर प्रकल्प झाला, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरतात, तरी भुसावळजवळ दीपनगरला ६६० मेगावॅटचा कोळशाचा नवा संच आला. एका ठिकाणी वाचलं की दर युनिटमागे कार्बन डायऑक्साइड ०.८२ किलोवरून ०.७१ वर आला, दुसऱ्या ठिकाणी वाचलं की एकूण उत्सर्जन १०० कोटी टनांवर गेलं. खरं कोणतं? आणि केळीच्या बागेवरचा ५ एचपीचा पंप दिवसाला किती कार्बन डायऑक्साइडला कारणीभूत होतो?

आधी ०.८२ आणि ०.७१ या जोडीबद्दल, कारण इथेच बहुतेक जण फसतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशातल्या वीजकेंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडची आकडेवारी काढतं. त्यात पूर्वी जी सरासरी ठळकपणे दिली जायची, तिच्यात सौर, पवन वगैरे धरलेलं नसायचं. ०.८२ हा त्या मापाचा आकडा. ०.७१ मध्ये ते धरलेलं आहे. हे दोन आकडे एका रेषेने जोडले की दिसणारी मोठी उतरण बरीचशी माप बदलल्याची असते. सौर-पवन धरून एकाच मापाने पाहा: २०२०-२१ मध्ये ०.७०३, २०२१-२२ मध्ये ०.७१५, २०२२-२३ मध्ये ०.७१६, २०२३-२४ मध्ये ०.७२७ आणि २०२४-२५ मध्ये ०.७१०. म्हणजे सौर पॅनेल झपाट्याने लागत असतानाच्या या वर्षांत दर युनिटचा कार्बन जवळपास जागच्या जागी आहे, मधे तर थोडा वाढलाच.

२०२३-२४ ची वाढ खान्देशातल्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभर कोरडा गेला, धरणांत पाणी कमी, जलविद्युत घटली, पंप मात्र जास्त चालले. ती तूट कोळशाने भरली. २०१९-२० मध्ये याच्या उलट झालं होतं: पाऊस चांगला, मागणी मंद, आणि एकूण उत्सर्जन आदल्या वर्षीच्या सुमारे ९६ कोटी टनांवरून ९३ कोटींवर उतरलं. पुढच्या कोविडच्या वर्षी ते ९१ कोटी झालं आणि २०२१-२२ मध्ये १०० कोटींवर गेलं. २००५-०६ मध्ये हाच आकडा ४७ कोटींच्या आसपास होता. तेव्हा तुम्ही वाचलेलं दुसरं विधान बरोबर आहे. एका वर्षाची घट पाहून 'शिखर गाठलं' असं म्हणू नका, आधी त्या वर्षीचा पाऊस आणि मागणी पाहा.

आता साक्री आणि दीपनगर शेजारी ठेवू. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा साक्रीचा प्रकल्प १२५ मेगावॅटचा. सौर प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या साधारण १९ टक्के वीज देतो, म्हणजे १२५ × ८७६० तास × ०.१९, सुमारे २१ कोटी युनिट. ६६० मेगावॅटचा संच ७५ टक्के भाराने चालला तर ४३३ कोटी युनिट. मेगावॅटमध्ये फरक पाचपट, युनिटमध्ये वीसपटीहून जास्त. 'देशाची निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म झाली' ही बातमी मेगावॅटची असते. कार्बन मात्र युनिटवर ठरतो, आणि तिथे कोळशाचा वाटा २०२४-२५ मध्येही ७० टक्क्यांच्या वर होता.

कोळशाच्या एका युनिटचा हिशेब हाताने करता येतो. संचाला एका युनिटसाठी २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते आणि कोळसा किलोला ३,६०० किलोकॅलरी देतो असं धरा. मग कोळसा लागला ६६७ ग्रॅम. २,४०० किलोकॅलरी म्हणजे १०.०५ मेगाज्यूल, दर मेगाज्यूलला साधारण ९१ ग्रॅमप्रमाणे ९१४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. कोळशापेक्षा वायूचं वजन जास्त कसं, हा प्रश्न इथे हमखास येतो. १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅम होतो, म्हणून. पंखे, पाण्याचे पंप, कोळसा दळणाऱ्या गिरण्या यांत केंद्राचीच ८ टक्के वीज जाते, ती वजा केल्यावर बाहेर पडणारं युनिट ९९० ग्रॅमच्या घरात पडतं. नव्या सुपरक्रिटिकल (जास्त दाबाच्या आणि तापमानाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचाला २,२०० किलोकॅलरी पुरतात, तिथे ९०० ग्रॅमच्या आसपास. सुधारणा खरी आहे, पण ती दहा टक्क्यांच्याही आतली.

कोळशात राख जास्त म्हणून कार्बन डायऑक्साइड जास्त, हा समजही काढून टाका. राख जळत नाही. राखेचा कोळसा किलोने जास्त लागतो, पण उष्णतेमागचा वायू जवळपास तेवढाच राहतो. फरक पडतो तो संच कमी भारावर चालला की. दुपारी सौर वीज आली म्हणून संच ५५ टक्क्यांवर आणला, तर दर युनिटला उष्णता जास्त लागते आणि सौर विजेने वाचवलेल्यातला थोडा भाग तिथे जातो.

तुमचा पंप. शेतीपंपाचं बिल पुष्कळदा एचपीवर येतं, त्यामुळे बिलातल्या युनिटवर हिशेब करू नका. डीपीवरचे (तुमच्या ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप चालू असताना वायरमनकडून क्लॅम्प मीटरने तुमच्या पंपाचे अँपिअर आणि त्याच वेळी व्होल्टेज मोजून घ्या. ४१५ व्होल्ट × ७.५ अँपिअर × १.७३२ × पॉवर फॅक्टर ०.८५ = ४.६ किलोवॅट. व्होल्टेज ३५० वर घसरलं तर अँपिअर ९ वर जातात, म्हणून एका वेळचं व्होल्टेज आणि दुसऱ्या वेळचे अँपिअर गुणू नका. आठ तासांचे झाले ३७ युनिट. ०.७१ हा आकडा वीजकेंद्राच्या फाटकावरचा आहे. ३७ ला त्याने गुणा आणि वाटेत साधारण १७ टक्के गळती धरून ०.८३ ने भागा. उत्तर येतं दिवसाला सुमारे ३२ किलो.

हा वर्षाच्या सरासरीचा हिशेब झाला. रात्रीच्या पाळीत पंप चालवला तर सौर वीज नसते आणि वाढीव युनिट बहुधा कोळशाचंच असतं, तेव्हा खरा आकडा ३२ च्या वर जातो. तुमचा फीडर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत येऊन दिवसा वीज मिळू लागली असेल, तर तेवढेच ३७ युनिट त्याहून बऱ्याच कमी कार्बनमध्ये पडतील. मोटार रिवाइंड केलेली असेल तर मोजणी पुन्हा करा, कारण रिवाइंडिंगनंतर ती त्याच पाण्याला जास्त वीज घेऊ शकते.