'अजिंक्यपद' अशुद्ध म्हणणाऱ्यांसाठी

एका वाचकाने विचारलं आहे: "माँट्रियलमधल्या सुरुवातीच्या आइस हॉकी स्पर्धांवर लेख लिहितोय. चॅम्पियनशिपला 'अजिंक्यपद' लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी 'अजिंक्य' हा शब्द अशुद्ध म्हणून सगळीकडे 'अजेय' केलं. बरोबर काय? आणि चेंडूऐवजी वापरतात त्या 'पक'ला मराठीत काय म्हणू?"

मुद्रितशोधकांना नमस्कार सांगा आणि 'अजिंक्य' परत घाला. आक्षेप काय, तर 'जिंकणे' मराठी, त्याला संस्कृताचं शेपूट ('य') आणि शिंग ('अ') कसं चालेल? मग अढळ, अतूट, अबोल यांचं काय करणार? ध्रुवाचं 'अढळपद' आजवर कुणी तपासून लाल केलेलं मी पाहिलं नाही. शिवाय संस्कृतच हवं, तर नीट हवं. पाणिनीचं सूत्रच आहे, 'क्षय्यजय्यौ शक्यार्थे': जिंकणं शक्य आहे तो 'जय्य', जिंकायला हवा तो 'जेय'. म्हणजे हवा होता 'अजय्य'. 'अजेयपद' हे काटेकोरपणे जिंकू नये असं पद झालं! शुद्धीच्या नादात हे असं होतं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. साखळीत दोन सामने हरलेला संघ अंतिम सामना जिंकला की समालोचक ओरडतात, "अजिंक्य!" आणि वर 'अजिंक्यपदाचा किताब'. पद की किताब, एक काहीतरी ठरवा.

मुळात 'चॅम्पियन' या शब्दात जिंकणं नाहीच. लॅटिन 'कॅम्पस' म्हणजे मोकळं मैदान, त्यावर लढायला उतरतो तो 'कॅम्पिओ', त्याचा झाला चॅम्पियन. विद्यापीठाचं कॅम्पस त्यातलंच, आणि सपाट मुलखाच्या नावावरून आलेली शँपेनही. १८८३ च्या माँट्रियल हिवाळी महोत्सवात पहिली स्पर्धा जिंकली ती मॅकगिल विद्यापीठाने, म्हणजे कॅम्पसवाल्यांनीच! मैदान होतं गोठलेल्या सेंट लॉरेन्स नदीचं. आज आइस हॉकीतला मानाचा स्टॅनले चषक जिंकणारे त्याच चषकातून शँपेन पितात. तिन्ही भावंडं एका पात्रात. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, घरचे साक्षीला आहेत.

म्हणून माझं मत: 'चॅम्पियन'चा खरा मराठी सोयरा 'मैदान मारणे' या प्रयोगात आहे. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात पैलवान हात वर करून गोल फिरतो, जोड मिळेपर्यंत. चॅम्पियन असाच, मैदानात उभा राहून 'या कोण येतो' म्हणणारा. हे नुसतं शब्दांचं नाही. १८८६ च्या डिसेंबरात माँट्रियलमध्ये आइस हॉकीची संघटना स्थापन झाली आणि १८८७ चा हंगाम याच फडाच्या पद्धतीने झाला: पद ज्याच्याकडे त्याला आव्हान द्यायचं, हरवलं की पद तुमचं. १८९२ मध्ये ओटावाच्या संघाने जानेवारीत पद घेतलं, एकेका आव्हानाला पुरून उरले, आणि ७ मार्चला हंगामातल्या शेवटच्या सामन्यात माँट्रियलकडून १–० असे हरले. झालं, पद माँट्रियलचं. ओटावाकरांची चरफड समजू शकते. अकराच दिवसांनी, १८ मार्चला, ओटावातल्या मेजवानीत कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले यांचं पत्र वाचून दाखवलं गेलं की मी एक आव्हान-चषक देतो. १८९३ ला पद्धत बदलून साखळी आली आणि चषकही गेला माँट्रियललाच.

आता कुणी म्हणेल, दोन महिन्यांत जाणाऱ्या पदाला अजिंक्य कसं म्हणायचं? साताऱ्याचा किल्ला आठवा. १७०० मध्ये तो औरंगजेबाने घेतला, नाव ठेवलं आझमतारा. मराठ्यांनी परत घेतल्यावर त्याचा अजिंक्यतारा झाला. एकदा पडून परत घेतलेल्या किल्ल्याचं हे नाव! 'अजिंक्य' ही वस्तुस्थिती नसते, ती पुढच्याला दिलेली धमकी असते. आव्हानाच्या पदाला याहून चपखल शब्द मला तरी सुचत नाही.

हं, 'पक' राहिलाच. पकच म्हणा. 'चकती' म्हणायची फारच हौस असेल तर ३ मार्च १८७५ च्या सामन्यापुरती म्हणा. व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, छपराखाली, खरोखरच लाकडाची सपाट चकती घेतली होती, चेंडू उसळून प्रेक्षकांच्या तोंडावर बसू नये म्हणून.