श्वासाची वाट कोणती? मेंदूविकार असलेल्या मुलांच्या पालकांना उत्तरे

सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे), जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने झालेली इजा, मेंदूज्वरानंतर आलेले अपंगत्व, स्नायूंचे आनुवंशिक आजार अशी कारणे वेगवेगळी असली, तरी या वेळच्या पत्रांतला पेच एकच आहे: मुलाच्या गळ्यावर शस्त्रक्रिया करून श्वासासाठी वेगळी वाट करायची का, आणि करायची तर कोणती. येथील उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. मुलाला तपासलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा ती घेऊ शकत नाहीत.

प्रश्न: आमची मुलगी सहा वर्षांची असून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. पावसाळ्यापासून तिला तीनदा न्यूमोनिया झाला. तोंडाने भरवणे बंद करून नाकातून पोटात नळी घातली, तरी तिसरा न्यूमोनिया झालाच. आता ट्रेकिओस्टॉमी सुचवली आहे. त्याने न्यूमोनिया थांबेल का? (एक वडील, डोंबिवली)

थांबेलच असे नाही, आणि हे शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी आपल्याला कोणीतरी स्पष्टपणे सांगायला हवे. ट्रेकिओस्टॉमी म्हणजे स्वरयंत्राच्या खाली श्वासनलिकेला छिद्र पाडून त्यात नळी बसवणे. वरचा मार्ग अरुंद असेल, मूल दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर असेल किंवा छातीतला कफ बाहेर काढणे अशक्य होत असेल, तर तिचा मोठा उपयोग होतो. परंतु तोंडातली लाळ पूर्वीसारखीच स्वरयंत्रातून खाली उतरत राहते. नळीभोवती श्वासनलिकेतली फट बुजवणारा फुगा असला तरी लाळ त्याच्यावर साचते आणि कडेने झिरपते. शिवाय गिळताना स्वरयंत्र जसे वर उचलले जायला हवे, तसे ते नळीमुळे काही मुलांमध्ये उचलले जात नाही.

तोंडाचे अन्न बंद करूनही न्यूमोनिया का झाला, याचे उत्तरही बहुधा लाळेतच आहे. निरोगी प्रौढाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती आपण नकळत गिळतो. आपल्या मुलीला नेमके तेच जमत नसावे. दुसरी शक्यता पोटातले दूध उलट वर येण्याची आहे. म्हणून डॉक्टरांना प्रथम हे विचारावे, की शस्त्रक्रिया नेमकी कशासाठी आहे: श्वासाला अडथळा आहे म्हणून, लाळ फुप्फुसात जाते म्हणून, की श्वासाचे स्नायू दुबळे आहेत म्हणून? झोपेतला श्वास, नाकातून दुर्बीण घालून पाहिलेला घसा, गिळण्याची तपासणी आणि छातीचे फोटो यांवरून याचे उत्तर बरेचसे मिळते.

लाळ हे कारण ठरले, तर आधी करून पाहण्यासारखे बरेच असते. कुशीवर झोपवणे, ग्लायकोपायरोलेटसारखे औषध, लाळग्रंथींत बोट्युलिनमचे इंजेक्शन (याचा परिणाम काही महिने टिकतो) किंवा लाळवाहिन्या बांधण्याची शस्त्रक्रिया. औषधाने लाळ आटते, पण कफही घट्ट होतो, त्यामुळे मात्रा जपून वाढवावी लागते. टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड वाढल्यामुळे अडथळा असेल तर ते काढून, किंवा रात्री मास्कने बायपॅप (दाबाने हवा देणारे यंत्र) देऊनही ट्रेकिओस्टॉमी टळू शकते. मात्र अशा मुलांचा घसा स्नायूंच्या शिथिलपणामुळेच मिटत असतो, त्यामुळे इतर मुलांना टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेने जितका आराम पडतो, तितका यांना पडेलच याची खात्री नसते.

प्रश्न: माझ्या अकरा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपासून ट्रेकिओस्टॉमी आहे. तरी न्यूमोनिया होतोच, दर अर्ध्या तासाने सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणे) करावे लागते. आता स्वरयंत्र आणि श्वासनलिका वेगळी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. तो बोलत नाही, पण बाबा घरी आले की मोठ्याने हसतो. ते हसू जाईल का? (एक आई, विरार)

आवाज जाईल. हसणे जाणार नाही, पण ते निःशब्द होईल.

या शस्त्रक्रियेची पद्धत अमेरिकन शल्यविशारद लिंडमन यांनी १९७५ साली मांडली. श्वासनलिका आडवी छेदून तिचे खालचे टोक गळ्याच्या त्वचेला जोडतात, आणि वरचे टोक शिवून बंद करतात किंवा अन्ननलिकेला जोडतात. दोन मार्गांचा संबंधच तुटल्यामुळे लाळ फुप्फुसात जाऊ शकत नाही. न्यूमोनियाचे प्रमाण आणि सक्शनचे काम सहसा लक्षणीयरीत्या कमी होते, काही मुलांना पुढे नळीही लागत नाही, आणि ज्यांना गिळण्याची थोडी क्षमता आहे त्यांना चवीपुरते तोंडाने देता येते. जपानमध्ये तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ही शस्त्रक्रिया बऱ्याच काळापासून केली जाते.

जे गमवावे लागते ते आवाजापुरतेच नाही. नाकातून हवा जात नसल्याने वास जवळजवळ कळत नाही. श्वास रोखून कुंथता येत नाही, म्हणून बद्धकोष्ठ वाढू शकते. शिवलेल्या टोकातून गळती होण्याचा धोका असतो. तत्त्वतः हे जोडकाम पुन्हा पूर्ववत करता येते. तरी तो आधार धरून निर्णय घेऊ नये, कारण गिळणे सुधारल्याखेरीज पुन्हा जोडण्यात अर्थ नसतो आणि अशा मुलांत ते क्वचितच सुधारते.

केसपेपरवर ‘बोलत नाही’ एवढी नोंद झाली की आवाजाचा विषय संपला असे आम्ही डॉक्टर फार लवकर मानतो. कुरकुर, हुंकार, रडण्याचे दोन-तीन प्रकार हीच ज्या मुलाची भाषा आहे, त्याचे नुकसान खरे आहे, आणि रात्री दुसऱ्या खोलीतून त्याचे रडणे ऐकू न येणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. मात्र आपल्या मुलाच्या नळीचा फुगा सतत फुगवलेला असेल, तर हवा स्वरयंत्रापर्यंत आजही फारशी पोहोचत नसावी. पण तो मोठ्याने हसतो म्हणजे हवा वर जाते आहे. ती किती जाते आणि त्या आवाजाचा तो हेतुपूर्वक वापर करतो का, हे वाचा-उपचारतज्ज्ञांकडून आधी पाहून घ्यावे. माझे मत विचाराल तर, लाळेवरचे उपाय पुरेसे करून झाले असतील आणि वर्षातले बरेच आठवडे रुग्णालयात जात असतील, तर ही शस्त्रक्रिया योग्य ठरते. आधी बोलण्याच्या उपकरणाची किंवा घंटेच्या बटणाची सोय करा, मग शस्त्रक्रियागृहाकडे वळा.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, शाळेला आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतल्या माणसांना माहीत हवी: या शस्त्रक्रियेनंतर तोंडाने किंवा नाकाने दिलेला प्राणवायू फुप्फुसात पोहोचतच नाही. तो गळ्याच्या छिद्रातूनच द्यावा लागतो. तसे लिहिलेले कार्ड व्हीलचेअरला आणि पलंगाला लावून ठेवावे.

प्रश्न: सक्शन करताना नळीतून कधीकधी रक्त येते. घाबरावे का? (एक वाचक, भांडुप)

कफात गुलाबी छटा किंवा एखादी रेघ दिसणे बहुधा सक्शनची कॅथेटर (बारीक नळी) खोल गेल्यामुळे किंवा हवा कोरडी पडल्यामुळे असते. पण ताजे लाल रक्त आले, थोडेसे येऊन थांबले तरी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. श्वासनलिकेसमोरून एक मोठी धमनी जाते. नळी तिच्यावर घासत राहिली तर भिंत झिजते, आणि मोठ्या रक्तस्रावापूर्वी असा छोटा इशारा मिळू शकतो. पाठीचा कणा वाकलेल्या, मान मागे ताणणाऱ्या मुलांच्या छातीत जागा अरुंद असते, म्हणून त्यांना हा धोका शस्त्रक्रियेनंतर वर्षांनीही राहतो. श्वासनलिका वेगळी केल्यानेही तो संपत नाही. अशा मुलांमध्ये आधी सीटी स्कॅन करून धमनी आणि नळी यांमधले अंतर पाहून घेण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न: आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. एकच खोली, लिफ्ट नाही. घरी हे सांभाळता येईल का? (एक आजी)

येईल. खोली लहान असण्याने अडत नाही. शिकलेली दोन माणसे नसतील तर अडते. एकटी आई चोवीस तास जागी राहू शकत नाही, म्हणून आजींनीही शिकावे. घरी सोडण्यापूर्वी दोघांनी रुग्णालयातच सक्शन करणे, नळी बदलणे आणि अंबू बॅगने (हाताने दाबायच्या पिशवीने) श्वास देणे परिचारिकांच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करून दाखवावे. नुसते पाहिलेले ऐनवेळी आठवत नाही. कॅथेटर किती आत घालायची ते माप लिहून भिंतीवर चिकटवावे.

नळी कफाने बंद होणे आणि निसटून पडणे या दोन गोष्टी घरात सर्वांत घातक ठरतात. त्यासाठी त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी जादा नळी, फीत, कात्री आणि अंबू बॅग एका पिशवीत ठेवून ती पिशवी मुलाबरोबर न्यावी, खाली अंगणात नेताना सुद्धा. सक्शन करूनही अडथळा निघाला नाही तर वाट न पाहता नळी बदलावी. वीज गेल्यास उपयोगी पडावे म्हणून बॅटरीवरचे किंवा पायाने चालणारे सक्शन यंत्र जवळ असावे. खर्चासाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना पाहावी. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना त्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

प्रश्न: सासूबाई म्हणतात, लेकराला आणखी कापू नका. मी नकार दिला तर मी वाईट आई ठरेन का? (एक आई, परळ)

नाही. नकार हाही वैद्यकीयदृष्ट्या मान्य पर्याय आहे. तो घेतला तरी उपचार बंद होत नाहीत: धाप कमी करणारी औषधे, लाळेवरचे उपाय, मास्कने श्वासाला आधार, वेदनाशमन हे सारे चालू राहते. मात्र पुढचा गंभीर न्यूमोनिया आल्यावर आयसीयूत न्यायचे का, व्हेंटिलेटर लावायचे का, हे मूल बरे असतानाच डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि कागदावर घ्यावे. अन्यथा रात्री दोन वाजता आपत्कालीन विभागात अनोळखी डॉक्टर नळी घालतात आणि मग ती काढता न आल्यामुळे ट्रेकिओस्टॉमी आपोआपच होते. आपण परळमध्येच राहता, तेव्हा वाडिया किंवा केईएम रुग्णालयात दुसरे मत घेणे अवघड नाही. त्या भेटीला सासूबाईंनाही बरोबर न्यावे.