‘दिसायलंय का?’ असं त्याला विचारू नका

प्रश्न असा होता: बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. यंदा वर्गात एक मुलगा आला आहे. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या, डोळे सारखे हलतात, पुस्तक नाकाला लावून वाचतो. पहिल्या बाकावर बसवलं, तरी वही कोरीच राहते. विचारलं की ‘दिसतंय’ म्हणतो. पोरं ‘इंग्रज’ म्हणून चिडवतात. आईवडील ऊसतोडीला जातात. गावातले म्हणतात अंधशाळेत टाका. मी काय करू?

मॅडम, तुम्ही सांगताय ती लक्षणं अल्बिनिझमची आहेत, म्हणजे अंगात रंगद्रव्य जन्मापासूनच कमी असण्याची. मला स्वतःलाही जन्मापासून तेच आहे. त्यामुळे हे उत्तर बाकावर बसलेल्याच्या बाजूने आहे असं समजा. आमचं गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, १९९९ पासून हिंगोलीत आहे. आता मी नांदेडला हिशेबाच्या कामावर आहे, दिवसभर आकड्यांत असतो.

तुमचा विद्यार्थी ‘दिसतंय’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. आमचे गुरुजी विचारायचे, “दिसायलंय का रे?” मी म्हणायचो, “दिसायलंय सर.” फळा दिसतच होता की! काळा, मोठा, त्यावर पांढरं काहीतरी पसरलेलं. मला वाटायचं फळा सगळ्यांना असाच दिसतो आणि बाकीची लेकरं हुशार आहेत म्हणून त्यांना त्यातून अक्षरं कळतात. ज्याने कधी वेगळं पाहिलंच नाही, त्याला आपल्याला कमी दिसतं हे कळणार कसं? पुढे चौथी-पाचवीत ते कळलं. तेव्हाही मी ‘दिसायलंय’ असंच म्हणत राहिलो, कारण ‘नाही’ म्हटलं की चाळीस मुंडकी माझ्याकडे वळायची.

म्हणून तो प्रश्न सोडून द्या. शाळा सुटल्यावर त्याला एकट्याला थांबवा. फळ्यावर तुमच्या नेहमीच्या अक्षरात पाच-सहा शब्द लिहा आणि त्याला हळूहळू जवळ येत वाचू द्या. कुठे आल्यावर वाचता आलं, तिथे खडूने खूण करा. हेच एकदा सकाळी आणि एकदा दुपारी करा, कारण उजेड बदलला की त्याची नजर बदलते. ती खूण बहुतेक पहिल्या बाकाच्या खूप पुढे येईल. डोळ्यांच्या कागदावर ६/६० लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ असा की इतरांना जे साठ मीटरवरून वाचता येतं त्यासाठी याला सहा मीटरवर यावं लागतं. म्हणजे दहापट जवळ. मागच्या बाकावरचं पोर वीस फुटांवरून वाचतं ते याला दोन फुटांवरून. पहिलं बाकडं फळ्यापासून सहा-सात फुटांवर असतं. तिथे बसवून त्याला फळा दिसेल अशी आशाच धरू नका.

चष्मा लावला की सगळं ठीक होईल असंही घरच्यांना सांगू नका. चष्मा हवाच, नंबर असतोच, त्याने फरक पडतो. पण रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, कमी असल्यामुळे डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग बारीक बघण्यासाठी असतो, तोच पोटात असताना नीट तयार झालेला नसतो. ती कसर कुठलीही काच भरून काढत नाही. ‘एवढा जाड भिंगाचा चष्मा असून दिसत नाही म्हणजे नाटक करतो’ हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि ज्यांनी ते उच्चारलं ती वाईट माणसं नव्हती. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पुस्तक नाकाला लावतो, लावू द्या. त्याने डोळे बिघडत नाहीत. जवळ धरलं की अक्षर मोठं होतं, त्याचं भिंग तेच. मान वाकडी करून बघत असेल तर ‘सरळ बघ’ म्हणू नका. हलणारे डोळे एखाद्या विशिष्ट बाजूला वळवले की सर्वांत कमी हलतात आणि तिथून त्याला नीट दिसतं. ती बाजू ओळखा आणि फळा त्याच बाजूला येईल अशी जागा द्या. खिडकीचं किंवा दाराचं ऊन तोंडावर येणारी जागा नको. फळा झिजून चकाकत असेल तर त्याला एकदा काळा रंग मारून घ्या, फायदा सगळ्या वर्गाला होईल. घाबरला, थकला, सगळ्यांसमोर उभं केलं की डोळे जास्त हलतात आणि दिसणं आणखी कमी होतं. प्रकट वाचनाच्या तासाला अडखळला तर आधी हे आठवा.

आता मुख्य गोष्ट. मला पाचवीला एक बाई मिळाल्या. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, फळ्यावर लिहिताना त्या तोंडाने बोलायच्या. “हे गणित” असं नाही, तर “सत्तेचाळीस, त्याखाली एकोणतीस, मध्ये वजा.” कुणासाठी करतात हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही. दुसरी, तास सुरू झाला की आपली टाचणवही माझ्या बाकावर ठेवायच्या. फळ्यावर जे येणार ते सगळं त्यात असायचं, काळ्या शाईत, ठळक. पहिल्या दिवशी ती वही उघडली तेव्हा तिला खडूचा आणि त्यांच्या पिशवीतल्या पेरूचा वास होता. मी पहिल्यांदा बाकीच्यांच्या बरोबरीने लिहिलं, आणि माझं आधी झालं. मागावं लागलं नाही, विचारावं लागलं नाही, कुणी वळून पाहिलं नाही. टाचण तुम्हाला काढावंच लागतं. ते जरा मोठ्या अक्षरात काढा आणि त्याच्या पुढ्यात ठेवा. आज तुमच्याकडे मोबाइलही आहे. फळ्याचा फोटो काढून द्या, बोटांनी मोठा करून तो वाचेल. भूगोलाच्या नकाशासाठी तर दुसरा इलाजच नाही. त्यातली नद्यांची नावं मला भिंगानेही लागत नसत.

शेजारी बसणाऱ्या मित्राच्या वहीतून उतरवून घे, असं बरेच शिक्षक सांगतात. अडीअडचणीला ठीक आहे. रोजचं करू नका. तो मित्र कंटाळतो, आणि याला दरवेळी कुणाचं तरी देणं लागतं.

वाचनाबद्दल एक गोष्ट मराठी शिकवणाऱ्याने मुद्दाम ध्यानात घ्यावी. आपल्या लिपीत ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, ष आणि प यांच्यात एका रेघेचा किंवा गाठीचा फरक असतो. त्यावर अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी हे सगळं डोक्यावरचं बारीक काम. अंधुक दिसणाऱ्याला नेमकं तेच दिसत नाही. मी ‘घर’ला ‘धर’ वाचायचो आणि वाक्य जुळवून पुढे जायचो. माझं शुद्धलेखन वाईट आहे असं सहावीपर्यंत समजलं जायचं. लिहून दाखवताना चुकला तर तोच शब्द तोंडी विचारा. तोंडी बरोबर आला तर चूक भाषेची नाही. गणितात १ आणि ९ तसेच, आणि दशांश चिन्ह तर दिसतच नाही. ते जरा जाड काढा. वहीच्या फिक्या निळ्या रेघा त्याला दिसत नसतील, त्या काळ्या पेनाने आखून द्या. पेन्सिलीऐवजी काळं जेल पेन वापरू द्या. झेरॉक्सवाल्याकडे ए-फोर पान ए-थ्रीवर घेतलं की अक्षर साधारण १.४ पट होतं. चाचणीची प्रश्नपत्रिका तशी काढून बघा. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून अल्पदृष्टी, म्हणजे चष्मा लावूनही कमी दिसणाऱ्या, मुलांना मोठ्या अक्षरांची पाठ्यपुस्तकं मिळतात. त्यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचं काम बघणाऱ्या विशेष शिक्षकांकडे लेखी मागणी द्या. पुस्तक धरून मान आखडते म्हणून गावातल्या सुताराकडून उतरत्या फळीचं छोटं डेस्क करून घ्या. माझ्या आबांनी बाभळीच्या फळीचं केलं होतं, दहावीपर्यंत पुरलं.

आणि बोट दाखवून “हं, तू सांग” असं म्हणू नका. हे लहान वाटतं, पण माझ्या शाळेतल्या सगळ्यांत वाईट आठवणी याच्याच आहेत. बोट कुणाकडे आहे मला दिसायचं नाही. मी गप्प बसायचो आणि गुरुजींना वाटायचं हा मुद्दाम बोलत नाही. कधी बोट दुसऱ्याकडे असायचं आणि उभा मी राहायचो. नाव घ्या. ‘इथे बघा’, ‘हे असं’, ‘त्या तिकडे’ हे शब्द जमेल तितके टाळा. रस्त्यात भेटला आणि नमस्कार न करता निघून गेला तर राग मानू नका, दहा फुटांवरून त्याला चेहरा ओळखू येत नाही. “अरे, मी तुझी मॅडम” एवढं म्हणा. पायऱ्यांचा अंदाजही त्याला कमी येतो, प्रत्येक पायरीच्या कडेला उरलेल्या ऑइल पेंटचा पिवळा पट्टा ओढला तर काम भागेल.

चिडवण्याबद्दल. त्याला बाहेर पाठवून वर्गाला समजावू नका. आल्यावर सगळ्यांची तोंडं बघून त्याला कळतं. विज्ञानाच्या तासाला त्वचा, केस, डोळे यांना रंग कशाने येतो ते शिकवा. मेलॅनिन कुणात जास्त, कुणात कमी, कुणात जवळजवळ नसतं. हे कोड नाही, लागत नाही, कुणाच्या पापाने होत नाही. आई आणि बाप दोघांकडून तो गुण आला तरच असं लेकरू होतं, आणि दोघांचा रंग सावळा असू शकतो. माझ्या मायला लोक काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तुमच्या त्या मुलाच्या आईनेही ऐकलं असणार. तिला शाळेत बोलावून हे नीट सांगाल तर त्याचं मोल मोठं आहे. ‘इंग्रज’ बंद करायचं असेल तर तुम्ही रोज त्याचं नाव पूर्ण आणि मोठ्याने घ्या, हजेरीतही, बाहेरही.

अंधशाळेचं. मला दुसरीत वर्षभर ठेवलं होतं. तिथली माणसं मायाळू होती, मुलं जिवाला जीव देणारी होती, पण मला तिथे काय शिकवावं हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. ब्रेल शिकवली. मी कागद खिडकीपाशी तिरपा धरायचो, टिंबांच्या सावल्या पडायच्या, त्या सावल्या डोळ्यांनी वाचायचो. सरांनी पकडलं तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांना रुमाल बांधला. मग मला काहीच वाचता येईना. ज्याला ठळक अक्षर डोळ्यांनी वाचता येतं, त्याने डोळ्यांनीच वाचावं. तुमचा मुलगा पुस्तक नाकाला लावून वाचतो म्हणजे तो वाचतो आहे. त्याला तुमच्याच वर्गात ठेवा.

कायदाही त्याच्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्बिनिझमचं वेगळं नाव नाही, पण चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर ती अल्पदृष्टी धरतात. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व आलं की ६ ते १८ वयात त्याला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो जवळच्या शाळेत घ्यायचा की विशेष शाळेत ही निवड त्याची आहे. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आत्ताच काढून घ्या. पुढे दहावीला तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, तेव्हा धावपळ नको. भिंग आणि लांबचं बघायची छोटी दुर्बीण यांसाठी अल्पदृष्टी विभाग असलेल्या मोठ्या नेत्र रुग्णालयात एकदा दाखवावं. आमच्याकडची माणसं रेल्वेने हैदराबादला जातात.

उन्हाबद्दल मी शेवटी लिहितोय, पण कामाच्या दृष्टीने ते आधी आहे. आपल्याकडचं ऊन त्याच्या कातडीला सोसत नाही. भाजतं, फोड येतात, आणि वर्षानुवर्षं तेच चाललं तर कातडीचा कर्करोग होण्याचा धोका खरा आहे. परिपाठाला त्याला झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत उभं करा, रुंद काठाची टोपी आणि काळा चष्मा वर्गाबाहेर घालू द्या, गणवेश पूर्ण बाह्यांचा चालवून घ्या. खेळ बंद करू नका. सकाळच्या सावलीत खो-खो, कबड्डी तो खेळेल. क्रिकेटचा चेंडू मात्र त्याला दिसत नाही, तिथे कायमचा गुण लिहायला बसवण्यापेक्षा दुसरा खेळ काढा.

म्हणूनच ऊसतोडीचं मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटतं. दसरा-दिवाळीनंतर आईबाप निघाले की हे लेकरूही कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, जाईल. चार-पाच महिने सावली नाही, फडात दिवसभर ऊन, आणि शाळा सुटली ती सुटलीच. तुमच्या जिल्ह्यात अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवतात, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत. तुमच्या शाळेत नसेल तर केंद्रप्रमुखांना जवळच्या गावातलं विचारा. आजी-आजोबा गावातच राहत असतील तर त्यांच्याजवळ राहून जेवणाची सोय होते का तेही बघा. मुकादमाने उचल दिली की घरच्यांचं जाण्याचं ठरून जातं, त्यामुळे दसऱ्याच्या आधी, याच महिन्यात, त्याच्या आईला भेटा. जाताना त्याची एक वही सोबत न्या, टाचण बघून लिहिलेली. पानं भरलेली असतील ती. तिच्या हातात द्या आणि मग बोलायला सुरुवात करा.