थंड देशातून कायमचं जळगावला यायचंय. मुलीला उन्हाळा झेपेल का?

तुम्ही विचारलंय की दहा वर्षं नॉर्वेत काढून येत्या एप्रिलात सासरी, जळगाव जिल्ह्यात, कायमचं यायचं ठरतंय, तर सात वर्षांच्या मुलीला उन्हाळा झेपेल का आणि एसी घेतला की भागेल का. झेपेल. पण एप्रिलात येऊ नका. तिकिटं काढली नसतील तर दिवाळीनंतर या.

मी आठ वर्षं फिनलंडमध्ये होतो, तिथून जळगावला परतलो तो नेमका एप्रिलात. ज्या देशात डिसेंबरात दुपारी तीनलाच दिवे लावायचे, तिथून आलेल्या माणसाला ऊन म्हणजे चैन वाटते. पहिल्या आठवड्यात सकाळी अकराला अंगणात खुर्ची टाकून, उघड्या डोक्याने, पेपर वाचत बसलो. शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "डोकाले फडकं बांध भाऊ." मी हसलो. तिकडे ऐंशी अंशांच्या सौनात, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत, बसायचो, मला काय होतंय! संध्याकाळी डोकं फुटायला आलं, उलट्या झाल्या आणि रात्री दवाखान्यात सलाईन. सौनातून पंधरा मिनिटांनी बाहेर येता येतं, मे महिन्यातून येत नाही.

तेव्हा कळलं की आपण उलटं शिकून आलोय. थंड देशात ऊन दिसलं की माणसं बाहेर पळतात, इथे ऊन दिसलं की आत. पण नीट बघितलं तर उणे वीसमध्ये तुम्ही जी शिस्त पाळत होता, तीच इथे लागते. बाहेर पडायची वेळ ठरवायची, डोकं-कान झाकायचे, दारं-खिडक्या घट्ट लावायच्या. फक्त ऋतू बदलला. इथली माणसं सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद करून पडदे ओढतात आणि रात्री गार झाल्यावर उघडतात. मी भर दुपारी "जरा हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडायचो आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आत यायची.

इतकं तापतं का, तर उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मध्ये तापीचं सखल खोरं, काळी जमीन आणि समुद्र लांब. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणं ही इथे बातमी नसते. भुसावळवाले तर त्याचा अभिमान बाळगतात.

आता एसी. झोपायच्या खोलीत घ्या, पण कूलरही घ्या. इथली हवा मे अखेरपर्यंत कोरडी असते, म्हणून कूलर झकास चालतो आणि विजेचं बिलही कमी येतं. कूलर लावला की समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर खोलीत नुसती दमट वाफ कोंडते. हे मला कळायला महिना लागला. टाकीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, डास होतात. आणि जूनमध्ये ढग आले, पाऊस मात्र नाही, असे दहा-पंधरा दिवस असतात. तेव्हा कूलर काही कामाचा नाही. पारा उतरलेला असतो, तरी मला वर्षातले सगळ्यात वाईट दिवस तेच वाटतात.

मुलीचं म्हणाल तर पहिल्या उन्हाळ्यात माझ्या मुलाचा दोनदा घोळणा फुटला. कोरड्या हवेने फुटतो. मान किंचित पुढे करून नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा. डोकं मागे टाकायचं नाही, घरातले सगळे तेच सांगतील तरी. अंगाला उन्हाची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तोवर खेळ सकाळी आणि सूर्य मावळल्यावर. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालू ठेवा. खिशात कांदा ठेवायला सांगतील, ठेवा, पण पाणी प्यायला लावा. अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा पेंगतंय, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. अंगावर पाणी मारत, वारा घालत थेट दवाखाना. घरात कुणाला रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी जास्त होणाऱ्या गोळ्या असतील तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

एक बारीक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती: दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला इतकं कढत येतं की हात मागे घ्यावा लागतो. मुलीच्या आंघोळीची बादली पहाटेच भरून ठेवा.

दिवाळीनंतर या म्हणतो ते याचसाठी की नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे सुख आहे. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि पहाटे स्वेटर लागेल इतकी थंडी. (तुमच्या मुलीला ती थंडी वाटणार नाही, तिच्या आजीला वाटेल. स्वेटरवरून वाद होणार.) मग ऊन हळूहळू चढतं आणि अंगही त्याच्याबरोबर तयार होतं. गंमत म्हणजे इथला सगळ्यात लाडका सण, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, ऐन वैशाखात येतो. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. तेव्हा तुमची मुलगीही ऊन विसरून झोक्यावर असेल, फक्त तो झोका निंबाच्या सावलीत आहे ना, एवढं बघा.

सासरी केळी आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बागेच्या कडेने गरम वारा अडवायला लावलेली शेवरी तुम्ही पाहिली असेल. घर बांधणार किंवा दुरुस्त करणार असाल तर सासऱ्यांना सांगून घराच्या पश्चिमेलाही झाडं लावून घ्या. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री अकरापर्यंत गरम असते, आणि नवे लोक नेमका पलंग तिलाच लावतात. मीही लावला होता.