वाचक विचारतात: बॅटरी फुल दाखवते, पण मिनिटं किती देईल?

मागच्या अंकात स्वतः बांधलेल्या छोट्या विमानांच्या वायरिंगवर लिहिलं होतं, त्यावर आलेली निम्म्याहून जास्त पत्रं बॅटरीवरच होती. त्यातली पाच घेतलीयत. काही प्रश्न मी थोडे छोटे केलेत, मुद्दा तोच ठेवलाय.

प्रश्न: माझं विमान पावसाळ्यात तीनतीन महिने हँगरमध्ये उभं असतं. बॅटरी १२ व्होल्ट १६ एएच (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती मावतं तो आकडा), सीलबंद एजीएम (पाणी घालावं न लागणारी लेड बॅटरी). घरी कारचा जुना चार्जर आहे, तोच कायम लावून ठेवला तर चालेल का?

नाही, तो चार्जर नका लावू. जुन्या साध्या चार्जरमध्ये फक्त ट्रान्सफॉर्मर आणि डायोड असतात, बॅटरी भरली हे त्याला कळतच नाही, तो ढकलत राहतो आणि व्होल्टेज १५-१६ पर्यंत चढतं. पाणी घालायची बॅटरी असती तर पाणी उडालं असतं आणि तुम्ही वरून घातलं असतं, पण एजीएममध्ये आतलं पाणी काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, व्हॉल्व्हमधून एकदा वाफ गेली की ती परत घालता येत नाही. बॅटरी आतून सुकते आणि बाहेरून मात्र अगदी नवीन दिसते.

एजीएमला तीन टप्प्यांत चार्ज करणारा चार्जर घ्या. आधी करंट पूर्ण देतो, मग १४.४ ते १४.७ व्होल्टला धरून ठेवतो, आणि भरली की १३.५ ते १३.८ वर उतरतो, त्याला फ्लोट म्हणतात. हे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत. पत्र्याचं हँगर उन्हात ४० अंशांवर गेलं तर तेच व्होल्टेज बॅटरीला जास्त होतं, म्हणून तापमान बघून व्होल्टेज कमी करणारा चार्जर मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्याच. तुमच्या बॅटरीला दोन ते पाच अँपिअरचा चार्जर भरपूर झाला. आणि त्यावर 'रिपेअर' नाहीतर 'डिसल्फेट' असं बटण असेल तर ते बॅटरी विमानात जोडलेली असताना दाबू नका, त्यात व्होल्टेज मुद्दाम वर नेतात आणि ते तुमच्या रेडिओपर्यंत जाऊ शकतं.

हँगरमध्ये लाईट नसेल तर उडून आल्यावर निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि महिना-दीड महिन्यात एकदा बॅटरी घरी आणून पूर्ण चार्ज करा. वायर काढायची का, तर हा हिशोब बघा: घड्याळ, स्क्रीनची मेमरी असं सगळं मिळून फक्त १० मिलिअँपिअर जरी खात असेल तरी महिन्याला ७ एएचच्या वर जातात, म्हणजे १६ एएचची बॅटरी दोन-सव्वादोन महिन्यांत पूर्ण उतरली. आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या लेड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते नंतर कितीही चार्ज करा पूर्ण जात नाहीत. वापरून बॅटऱ्या जातात त्यापेक्षा अशा उभ्याउभ्या जास्त जातात असं मला इतक्या वर्षांत दिसलंय.

प्रश्न: व्होल्टमीटर १२.८ दाखवतो, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं, बॅटरीला चार वर्षं झाली. मित्र म्हणतो बदल, मी म्हणतो चालतीय तर कशाला. कोण बरोबर?

मित्राचं ऐकायचं की नाही हे टेस्ट केल्याशिवाय सांगता येणार नाही, पण तुम्ही दिलेली दोन्ही कारणं बॅटरी चांगली असल्याचा पुरावा नाहीत. १२.८ म्हणजे आत्ता जेवढी टाकी उरलीय ती भरलेली आहे. टाकीच लहान झाली असेल तर ते मीटरला दिसत नाही. आणि स्टार्टर पाच सेकंद २०० अँपिअर ओढतो म्हणजे अख्खं पाव एएचच्या आसपास, तेवढं तर अर्धी मेलेली बॅटरी पण देते.

हे मी स्वतःच्या अंगावर शिकलोय. घरापासून चाळीस मिनिटांवर असताना माझा रेग्युलेटर (अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं, व्होल्टेज सांभाळणारा भाग) गेला, अल्टरनेटरचा लाल दिवा लागला, बॅटरी दोन वर्षांची, सकाळीच १२.७ बघून निघालेलो, म्हटलं तासभर तरी सहज निघेल. अठराव्या मिनिटाला रेडिओ गेला, मग स्क्रीन काळी झाली, फ्लॅप (हळू उतरता यावं म्हणून पंखांच्या मागे खाली येतात त्या पट्ट्या) इलेक्ट्रिक होते तेही गेले. इंजिन मॅग्नेटोवरचं (बॅटरीशिवाय स्वतःची ठिणगी स्वतः बनवणारं) होतं म्हणून चालत राहिलं, आकाश स्वच्छ होतं म्हणून रस्ता आणि नदी बघत आलो आणि फ्लॅपशिवाय उतरलो. इंजिनाला इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि इंजेक्शन असतं तर अठराव्या मिनिटानंतर शेत शोधायला लागलं असतं. त्या दिवसापासून मी व्होल्ट विचारत नाही, मिनिटं विचारतो. विमानातल्या बॅटरीचं खरं काम इंजिन सुरू करणं नाहीये, अल्टरनेटर मेल्यावर तुम्हाला जमिनीपर्यंत आणणं हे आहे.

टेस्ट घरी होते. बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून काही तास, जमलं तर रात्रभर, तशीच ठेवा. मग त्यावर गाडीच्या हेडलाईटचा ५५ वॉटचा बल्ब लावा, तो साधारण साडेचार अँपिअर घेतो, घड्याळ लावा आणि बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्ट बघत बसा. १०.५ ला आलं की लगेच बल्ब काढा, वेळ लिहा, आणि त्याच दिवशी परत पूर्ण चार्ज करा, दुसऱ्या दिवशीवर टाकू नका. शेवटच्या वीस मिनिटांत व्होल्टेज धाडकन पडतं तेव्हा चहा प्यायला उठू नका. बल्ब तापतो, तो विटेवर नाहीतर धातूच्या ताटलीत ठेवा, प्लास्टिकवर नको.

ही टेस्ट बॅटरी नवीन असतानाच एकदा केलेली असली पाहिजे, तो तुमचा आकडा. समजा नवीन असताना १६० मिनिटं मिळाली, तर १२८ च्या खाली आली की ८० टक्क्यांच्या खाली गेली, तेव्हा ती विमानातून काढा, घरच्या इन्व्हर्टरला वगैरे लावा पाहिजे तर. तुमच्याकडे नव्याचा आकडा नाही, म्हणून तुम्ही वेगळं करा: अल्टरनेटर बंद पडल्यावर जे जे चालू ठेवणार ते सगळं जमिनीवर इंजिन बंद ठेवून चालू करा आणि रेडिओ किती मिनिटांनी बंद पडतो ते मोजा. मास्टर कॉन्टॅक्टर (बॅटरी विमानाच्या वायरिंगला जोडणारा मुख्य विजेवरचा स्विच) पण त्यात धरा, तो एकटाच पाऊण-एक अँपिअर खातो आणि हे बरेच जण विसरतात. तुम्ही नेहमी जिथे उडता तिथून उतरायच्या जागेपर्यंत जेवढी मिनिटं लागतात त्याच्या दीडपट तरी मिळाली नाहीत तर मित्र बरोबर. इतकं करायला वेळ नसेल तरी मित्रच बरोबर, चार वर्षं झालीयत.

एक अजून. रात्रभर ठेवल्यावर साडेदहाच्या आसपास दाखवत असेल आणि चार्ज करून पण तिथेच येत असेल तर एक सेल गेलाय. सहा सेल, प्रत्येकी २.१, त्यातला एक गेला की १०.५ राहतात. ती आता सुधारणार नाही, टाकून द्या.

प्रश्न: लिथियम बॅटरी लावली तर साडेचार-पाच किलो वाचतात. सगळे म्हणतात आग लागते. खरं काय?

लिथियम म्हणून सगळं एकच नसतं. २०१३ च्या जानेवारीत बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या बोईंग ७८७ च्या बॅटरीला आग लागली आणि पुढे सगळी ७८७ विमानं काही महिने जमिनीवर ठेवावी लागली, ती कोबाल्ट ऑक्साइडची होती. आपल्याकडच्या विमानांसाठी विकतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट असते, एलएफपी, ती बरीच शांत आहे, त्यातला ऑक्सिजन तेवढ्या सहज सुटत नाही. पण शांत म्हणजे काहीही केलं तरी चालेल असं नाही, जास्त व्होल्टेजने तिच्यातूनही धूर निघतो, आणि बंद कॉकपिटमध्ये तो धूर झेपत नाही, म्हणून बॅटरीच्या बॉक्सचा व्हेंट (धूर जायची नळी) विमानाबाहेर काढायचाच.

माझी खरी काळजी आगीपेक्षा मिनिटांची आहे. डब्यावर '१६ एएच इक्विव्हॅलंट' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा स्टार्टर फिरवायच्या ताकदीचा असू शकतो, आतली खरी क्षमता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पण निघते. खरे एएच किती हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या आणि वरची बल्बची टेस्ट करा, फक्त लिथियमला कुठे थांबायचं तो व्होल्टचा आकडा तिच्या कागदांत बघून. वाचलेले पाच किलो आणि गमावलेली चाळीस मिनिटं हा सौदा तुम्हाला परवडतो का ते तुम्ही ठरवा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मला परवडणार नाही.

बाकी ज्या गोष्टी बदलाव्या लागतात त्या अशा की रेग्युलेटर १४.२ ते १४.६ च्या मध्ये पक्का पाहिजे, १६ व्होल्टच्या आसपास अल्टरनेटर तोडणारं ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन पाहिजे, कारण बॅटरीतल्या बीएमएसने (तिला सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटने) उड्डाणात स्वतःला तोडलं तर अल्टरनेटर एकटा राहतो आणि त्याचा झटका सरळ रेडिओ-स्क्रीनवर जातो. स्टार्ट झाल्याझाल्या ही बॅटरी देईल तेवढा करंट पिते, लहान अल्टरनेटर तापतो, त्यामुळे खूप उतरलेली असेल तर आधी चार्जरने भरा. लिथियमवाला चार्जर वेगळा. शून्य अंशाच्या खाली चार्ज करू नका, आत धातूचं लिथियम साचतं आणि ते कायमचं नुकसान. इंजिनाच्या बाजूला फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीवर) असेल तर कूलिंग बघा. आणि व्होल्टमीटर इथे जवळपास निरुपयोगी आहे, भरलेली १३.३, अर्ध्याच्या आसपास १३.१-१३.२, आणि मग शेवटी एकदम कोसळते. वजन-तोल परत करायला विसरू नका, नाकातून पाच किलो काढले की विमान मागे जड होतं.

प्रश्न: बॅटरी पूर्ण उतरली होती. कारवरून जंपर देऊन इंजिन सुरू केलं आणि उडालो, म्हटलं वाटेत चार्ज होईल. काही झालं नाही. हे चालतं ना?

नाही चालत, आणि काही झालं नाही म्हणून परत करू नका, प्लीज. छोट्या इंजिनांवर जे परमनंट मॅग्नेटचे जनरेटर असतात, रोटॅक्स ९१२ वर आहे तसे, ते एकूण १८-२० अँपिअर देतात. त्यातले दहा-बारा रेडिओ, ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र), स्क्रीन, पंप, लाईट यांना गेले की बॅटरीला सात-आठ उरतात, १६ एएच रिकाम्या बॅटरीला त्यावर ८० टक्क्यांपर्यंत यायलाच दोन तास, आणि शेवटचे २० टक्के तर हळूहळू अजून कित्येक तास. तेवढा वेळ तुमच्याकडे शिल्लक बॅकअप जवळपास शून्य असतो. त्यात रेग्युलेटर पूर्ण लोडवर तापत असतो, म्हणजे नेमक्या त्याच दिवशी तो जायची शक्यता जास्त. शिवाय बॅटरी का उतरली हे तुम्हाला माहीतच नाही. स्विच चालू राहिला होता की सेल गेला की रेग्युलेटर आधीच मेला होता? जमिनीवर चार्ज करा, रात्रभर ठेवा, सकाळी बघा, मग उडा.

प्रश्न: टर्मिनलवर पांढरी पावडर येते.

सीलबंद बॅटरीला ती येतच असेल तर टर्मिनलच्या सीलमधून गळतंय नाहीतर ओव्हरचार्ज होतंय, उडताना बसचं (सगळ्या उपकरणांना जिथून वीज जाते त्या पट्टीचं) व्होल्टेज मोजा, १४.७ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा. साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी, नाहीतर पाना फ्रेमला लागला की मोठी ठिणगी, आणि चार्जिंग नुकतंच झालं असेल तर तिथे हायड्रोजन असू शकतो, हवेत चार टक्के झाला की तो पेट घेतो. सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, नट घट्ट करून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. ज्यांची बॅटरी शेपटीकडे आणि इंजिन पुढे आहे त्यांनी हे दर वर्षी कराच, सहा मीटर जाड केबलवर २०० अँपिअरला तसंही ०.६ व्होल्ट जातात, सैल नटवर अजून एक गेला की स्टार्टर कुंथतो आणि सगळे बॅटरीला दोष देतात.