"पोट्टा मंद आहे का हो मॅडम?"

दिवाळी झाली की इकडे कापूस वेचणी अन् संत्र्याचा तोडा सुरू होतो आणि काटोल-कळमेश्वरकडच्या शाळांतून मला नागपुरात फोन यायला लागतात. प्रश्न ठरलेला. छिंदवाड्याकडून, बैतूलकडून मजुरीला आलेल्यांची मुलं वर्गात येतात पण बोलत नाहीत, लिहीत नाहीत, मंद तर नसतील?

गेल्या सीझनच्या एका पोराचं सांगते. वय दहा, आपण त्याला बबलू म्हणू. सर म्हणाले, "दप्तर पाठीवरून काढतच नाही मॅडम, तसाच बसते. अन् तसाही फेब्रुवारीत जाईल, किती मेहनत घ्यायची त्याच्यावर?" दुसऱ्या वाक्याचा राग आला, पण डोक्यात पहिलंच राहिलं.

आईला गाठलं संध्याकाळी, कापसाचं वजन चालू होतं तिथं. "घरी तं खूब बोलते ताई, शाळेतच तोंड शिवल्यावानी करते." आईशी गोंडी, मुकादमाशी हिंदी, अन् वर्ग सगळा मराठीत. दोन भाषांत भांडणारं पोरगं मंद कसं असेल, हे मला तिथंच कळलं होतं.

पहिले तीन-चार वेळा मी काहीच विचारलं नाही, नुसती शेजारी खाली बसले, दोघांनी चित्रं काढली. (एवढा धीर सगळ्यांना जमत नाही, मलाही सुरुवातीची पाच-सहा वर्षं जमत नव्हता.) मग एकदा म्हटलं,

"जड नाही होत रे दप्तर?"

"होते."

"मग?"

बराच वेळ गप्प. मग खालीच बघत, "गाडी आली का लगेच निघा लागते."

हळूहळू निघालं ते असं, की मागच्या वर्षी दुसऱ्या गावात भर दुपारी खिचडीच्या सुट्टीत मुकादमाची गाडी आली, बापानं गेटवरून हाक मारली अन् हा तसाच पळाला. कंपासपेटी बाकावर राहिली. बैलाचं चित्र सरांनी भिंतीवर लावलं होतं, तेही राहिलं. "खाली माझं नाव होतं त्याच्यावर," म्हणाला.

मी त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून हेच घोकत आले, की हा पोरगा शिकायला नाही म्हणतच नाहीये, तो निघायच्या तयारीत बसलाय. आधी जागा, मग अक्षर, हे मी ट्रेनिंगमधे नेहमी सांगते आणि लोक मान डोलावून परत पाढ्यांवर जातात. ज्याला माहीत आहे की आपल्याला कधीही उचलून नेतील, तो वही उघडणार कशाला?

मग काय केलं तर फार मोठं नाही. सरांनी भिंतीला एक खुंटी ठोकली, वर त्याचं नाव. आईकडून कबूल करून घेतलं की निघायची तारीख आठ दिवस आधी सांगायची, पोरालाही अन् शाळेलाही. सरांनाही सांगितलं, जाणार म्हणून सोडू नका, जाणार म्हणूनच सोबत काही द्या. जायच्या दिवशी वर्गाने त्याला नीट निरोप द्यायचा, चित्र भिंतीवरून काढून त्याच्या हातात द्यायचं. आपल्या राज्यात शिक्षण हमी कार्ड आहे, पोरगं कितवीत आहे, कुठवर आलंय ते पुढच्या शाळेला त्यावरून कळतं, ते भरून मागायचं. आणि टीसी नाही म्हणून परत पाठवत असतील तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं टीसीला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही, जन्माचा दाखला नसला तरीही नाही. वयानुसार वर्गात घ्यायचं अन् राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, तेही कायद्यातच आहे. पालकांनो, हे पाठ करून ठेवा, गेटवर कामी येते.

जानेवारीत सरांचा फोन आला, आवाजच वेगळा. "मॅडम, आज टांगलं त्यानं दप्तर." मी पुढच्या आठवड्यात गेले तर खरंच, दप्तर खुंटीवर, अन् हा फळ्यापुढं उभा, मोठ्यानं वाचत, ळ चा ल करत. नवी कंपासपेटी मात्र खिशातच होती, अर्धी बाहेर आलेली. सर काढायला सांगत होते. मी म्हटलं, राहू द्या.