ग्रँड कॅन्यनच्या कड्यापर्यंत आगगाडी का गेली?

प्रश्न : अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन ही दरी लक्षावधी वर्षे जुनी असली, तरी तेथील पर्यटन १९०१ साली आगगाडी आल्यावर खऱ्या अर्थाने सुरू झाले, असे वाचनात आले. त्याआधी तेथे कोणी जात नव्हते काय? आणि अशा ओसाड जागी रूळ टाकण्याचे धाडस कोणी, कशाच्या भरवशावर केले?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अनपेक्षित आहे. भरवसा होता तो तांब्याचा. ॲरिझोनातील बकी ओ'नील या माजी शेरीफने दरीच्या अलीकडे असलेल्या ॲनिटा येथील खाणींसाठी विल्यम्स गावापासून रेल्वेमार्ग व्हावा म्हणून खटपट केली. ते स्वतः १८९८ साली क्यूबातील लढाईत मारले गेले. पुढे मार्ग खाणींपर्यंत पोहोचला खरा, पण तांब्याने निराशा केली आणि १९०० साली कंपनीचे दिवाळे वाजले. तो अर्धवट मार्ग सांता फे रेल्वेने ताब्यात घेऊन कड्यापर्यंत पूर्ण केला आणि १७ सप्टेंबर १९०१ रोजी पहिली प्रवासी गाडी दक्षिण कड्यावर आली.

त्याआधी तेथे कोणी नव्हते असे म्हणणे चूक ठरेल. हवासुपाई या तेथील मूळ रहिवाशांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी आहे. हौशी प्रवासीही येत. मात्र फ्लॅगस्टाफहून घोडागाडीत जवळजवळ सबंध दिवस हाडे खिळखिळी करून घ्यावी लागत आणि त्यासाठी पंधरा ते वीस डॉलर मोजावे लागत. विल्यम्सहून आगगाडीने १०३ किलोमीटरचे अंतर काही तासांत कापले जाऊ लागले आणि भाडे होते ३ डॉलर ९५ सेंट. १८५८ साली तेथे गेलेल्या लेफ्टनंट आइव्ह्‌ज यांनी, या निरुपयोगी जागी आमच्यानंतर बहुधा कोणी फिरकणार नाही, अशा अर्थाचे भाकीत अहवालात केले होते. भाकिते करणाऱ्यांनी ते आवर्जून वाचावे!

रूळ टाकल्याने माणसे येतात, पण राहतील कोठे आणि पितील काय? पाण्याची अडचण तर विलक्षण होती. कोलोरॅडो नदी डोळ्यांसमोर, पण सुमारे दीड किलोमीटर खाली. वर कड्यावर पुरेसे पाणी नाही. म्हणून सुमारे १९० किलोमीटरवरील डेल रिओ येथून पाण्याच्या टाक्यांच्या वाघिणी भरून आणल्या जात. रेल्वेने १९०५ साली उघडलेले एल टोव्हार हे हॉटेल त्याच पाण्यावर चाले. त्याच्या बांधकामाचे लाकूडही ओरेगॉनहून रेल्वेनेच आले होते. हॉटेलची व्यवस्था फ्रेड हार्वी कंपनीकडे होती. दरीची कीर्ती पसरवण्याचे कामही रेल्वेने इतरांवर सोपवले नाही : चित्रकार थॉमस मोरन यांना तिने १८९२ सालीच तेथे नेले होते, आणि त्यांच्या चित्राच्या छापील प्रती तिने देशभर वाटल्या. दरी निसर्गाने घडवली असली, तरी ‘पाहिलीच पाहिजे’ अशी जागा तिला रेल्वेने केले, असे माझे मत आहे. १९१९ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला, तेव्हा गाड्या सुरू होऊन जवळजवळ अठरा वर्षे लोटली होती.

ओंडक्यांनी बांधलेले तेथील स्थानक १९१० सालचे आहे. गाडीतून उतरल्यावर दरी दिसत नाही, कारण स्थानक उतारावर खाली आहे. पायऱ्या चढून हॉटेलापाशी यावे, आणखी काही पावले टाकावीत, तेव्हा कुठे पायांखालची जमीन एकाएकी संपते.

मोटारी आल्या आणि १९२०च्या दशकातच त्यांनी गाडीचे प्रवासी पळवले. जुलै १९६८ मध्ये नियमित प्रवासी गाडी बंद झाली, तेव्हा शेवटच्या फेरीत अवघे तीन प्रवासी होते. १९८९ साली, पहिल्या गाडीच्या तारखेलाच म्हणजे १७ सप्टेंबरला, ती पुन्हा सुरू झाली आणि आजही विल्यम्सहून सुटून त्याच लाकडी स्थानकात येऊन थांबते.